टीका करणाऱ्यांचीही शहानिशा: पर्यायी उपचारांवरच्या टीकेवर किती विसंबायचं, हे कसं ठरवावं

मावशी सांधेदुखीसाठी आयुर्वेदिक गोळ्या घेत होती. मी तिला म्हटलं, "बंद कर त्या. वीस टक्के आयुर्वेदिक औषधांत शिसं आणि पारा सापडलाय." तिने चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "कशापैकी वीस टक्के?" मला उत्तर देता आलं नाही. भोंदू उपचारांवर नजर ठेवणाऱ्या एका गटाच्या लेखात मी तो आकडा वाचला होता. लेखाची बाजू मला पटणारी होती, त्यामुळे पुढे काही बघितलंच नव्हतं. मावशीने गोळ्या चालू ठेवल्या.

पर्यायी उपचारांच्या दाव्यांवर पहारा ठेवणारे डॉक्टर, पत्रकार आणि संस्था यांचं काम मला मनापासून मोलाचं वाटतं. निरुपयोगी उपचारात गेलेले महिने रुग्णाला परत मिळत नाहीत, आणि हे सांगण्यासाठी पुष्कळदा हीच माणसं पुढे येतात. पण त्यांचं लिखाण वाचायचं कसं, हे कोणी शिकवत नाही. नवखा वाचक मग दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर टीका छापून आली म्हणजे ती खरीच असं धरून चालतो, नाहीतर "हे सगळे औषध कंपन्यांचे दलाल" म्हणून पान बंद करतो. दोन्हीत वाचन होतच नाही. खाली सांगितलेली पद्धत मी त्या प्रसंगानंतर हळूहळू बसवली. एका दाव्यामागे साधारण तासभर जातो.

१. वहीत एकच वाक्य उतरवा

"ही संस्था विश्वासार्ह आहे का?" या प्रश्नाने सुरुवात केली तर हाती काही लागत नाही, कारण एकाच संस्थेचा एक लेख चोख असतो आणि दुसरा ढिसाळ. त्याऐवजी तुमच्या निर्णयाशी संबंध असलेलं एक वाक्य निवडा आणि शब्दही न बदलता लिहून घ्या. मग ते वाक्य नेमकं काय म्हणतंय ते बघा. "हा उपचार चालत नाही", "चालतो याचा भरवशाचा पुरावा नाही", "हा उपचार धोक्याचा आहे" आणि "विकणारा फसवतोय" हे चार वेगवेगळे दावे आहेत. प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो. टीकाकार एका परिच्छेदात या चारांवरून उड्या मारत जातो, आणि आपण त्याच्या मागून वाहवत जातो.

पहिल्या दोन दाव्यांतला फरक किती नाजूक आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या एका प्रकरणावरून दिसतं. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये होमिओपॅथीवरचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ६१ आजारांवरच्या १७६ अभ्यासांचा विचार होता. निष्कर्षाचं वाक्य असं होतं की, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा आहे असा एकही आजार नाही. जगभर हे वाक्य "होमिओपॅथी निकामी असल्याचं सिद्ध झालं" अशा रूपात फिरलं. याच विषयावर परिषदेने आधी दुसऱ्या तज्ज्ञांकडून एक मसुदा करून घेतला होता. २०१२ चा तो मसुदा खूप मागणी झाल्यावर २०१९ मध्ये खुला करण्यात आला. त्या वेळी परिषदेने स्वतःच स्पष्ट केलं की, होमिओपॅथी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष आपण काढलेला नव्हता, भरवशाचा पुरावा नाही एवढंच म्हटलं होतं. माझ्या मते औषध घेणाऱ्याच्या दृष्टीने दुसरं वाक्यही पुरेसं गंभीर आहे. भरवशाचा पुरावा नसलेल्या गोष्टीसाठी पुरावा असलेला उपचार सोडायचा नसतो. पण जो टीकाकार मूळ वाक्य जसंच्या तसं देतो आणि त्याच्यापुढे एक पाऊलही टाकत नाही, त्याच्या बाकीच्या वाक्यांवर मी जास्त विसंबते.

२. आकड्याच्या मागे मागे चालत जा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टीकात्मक लेखात आकडा दिसला की त्याच्यासोबत मूळ अभ्यासाचा पत्ता आहे का ते पाहा. नसेल तर लेखाची किंमत तिथेच निम्मी झाली. असेल तर नियतकालिकाचं नाव आणि वर्ष घेऊन पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, शोधा. तिथे निदान सारांश फुकट वाचायला मिळतो. सारांश वाचताना तीन गोष्टी वहीत लिहा: काय तपासलं, किती तपासलं, कुठून गोळा केलं.

मावशीच्या "कशापैकी"चं उत्तर मला असंच सापडलं. तो आकडा २००४ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासातला होता. संशोधकांनी बॉस्टन शहराच्या आसपासच्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं विकत घेतली. त्यांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, म्हणजे २० टक्के. उत्पादकाने सांगितलेल्या मात्रेत घेतली असती तर या चौदाही उत्पादनांतून शरीरात जाणारा धातू ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होऊ शकत होता. म्हणजे "वीस टक्के आयुर्वेदिक औषधं" हे वाक्य त्या अभ्यासाचं नव्हतंच. ते एका शहराच्या परिसरात, त्या काळात, दुकानात मिळणाऱ्या मालाबद्दल होतं. वैद्याने स्वतः करून दिलेली औषधं किंवा इतर ठिकाणची बाजारपेठ यांबद्दल त्यात शब्दही नव्हता.

इथेच थांबून "बघा, टीकाकाराने पराचा कावळा केला" म्हणायचा मोह मला झाला होता. पण पुढचा अभ्यासही वाचायचा असतो. त्याच संशोधकांच्या गटाने २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेली १९३ उत्पादनं तपासली. प्रमाण पुन्हा तेवढंच आलं, २०.७ टक्के. अमेरिकेत बनलेल्या आणि भारतात बनलेल्या मालात फारसा फरक नव्हता. फरक दिसला तो दुसऱ्याच ठिकाणी. ज्या औषधांत धातू आणि खनिजं मुद्दाम घातली जातात, त्या रसशास्त्रातल्या औषधांत (भस्मं यांतलीच) हे प्रमाण ४०.६ टक्के होतं आणि बाकीच्यांत १७.१ टक्के. रोज गोळ्या घेणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल अशी माहिती ही होती. मी वाचलेल्या लेखात तीच नव्हती. सरसकट आकड्याने लोक घाबरतात, पण स्वतःच्या डबीवर काय वाचायचं ते त्यांना कळत नाही. दुसरीकडे, मूळ अभ्यासाला लागलेल्या मर्यादा दाखवून धोकाच नाकारणाराही तितकाच चुकतो.

३. प्रयोग कुठवर गेला आणि निष्कर्ष कुठवर

टीकाकारांच्या आवडत्या प्रयोगांपैकी एक एमिली रोझा या मुलीचा आहे. 'थेरप्युटिक टच' नावाच्या उपचारात रुग्णाला स्पर्श न करता, हात अंगापासून थोड्या अंतरावर फिरवून त्याच्या 'ऊर्जाक्षेत्रा'ला नीट केल्याचा दावा असतो. नऊ वर्षांच्या एमिलीने शाळेतल्या विज्ञान प्रकल्पासाठी साधी रचना केली. टेबलावर उभा पडदा, त्याच्या तळाशी हात घालण्याइतकी भोकं. उपचारकर्ता त्यातून दोन्ही हात तळवे वर करून पुढे ठेवी. पलीकडून एमिली नाणं उडवून कुठला हात निवडायचा ते ठरवी आणि त्या तळव्यावर काही सेंटिमीटर उंचीवर स्वतःचा हात धरी. उपचारकर्त्याने फक्त डावा की उजवा एवढंच सांगायचं. २१ उपचारकर्त्यांच्या मिळून २८० चाचण्या झाल्या, त्यांतली १२३ उत्तरं बरोबर आली. म्हणजे ४४ टक्के, डोळे मिटून सांगितलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. १९९८ मध्ये हा प्रयोग 'जामा'मध्ये छापून आला.

मला हा प्रयोग फार आवडतो. हात जवळ आहे की नाही हेच कळत नसेल, तर ऊर्जा जाणवते आणि ती आपण नीट करतो, या दाव्याला आधार उरत नाही. पण प्रयोगाने तपासलं ते इतकंच. रुग्णांना बरं वाटतं का, झोप सुधारते का, हे त्यात बघितलं नव्हतं. तरी शोधनिबंधाच्या शेवटी या उपचाराचा व्यावसायिक वापर पुढे चालू ठेवणं समर्थनीय नाही, असं म्हटलं होतं. मला स्वतःला ते मत पटतं, पण तिथे लेखक आपल्या मोजमापाच्या पलीकडे गेले आहेत, हेही खरं. नवख्याने हा सराव मुद्दाम करावा: जी टीका आपल्याला पटते, तिच्यातलं मोजमाप कुठे संपतं आणि मत कुठे सुरू होतं, तिथे पेन्सिलने रेघ मारायची. न पटणाऱ्या टीकेत अशी रेघ आपण न सांगताच मारतो.

४. माणसावरचे आरोप वेगळ्या पानावर लिहा

कुठल्याही टीकाकाराचं नाव शोधा, पहिल्या काही निकालांतच त्याच्यावरचे आरोप सापडतील. अमेरिकेतले निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ स्टीफन बॅरेट यांचं उदाहरण घ्या. १९६९ पासून ते आरोग्यातल्या फसवणुकीविरुद्ध काम करत आले, १९९६ मध्ये त्यांनी 'क्वॅकवॉच' हे संकेतस्थळ सुरू केलं. विरोधक त्यांच्याबद्दल दोन गोष्टी हमखास सांगतात: त्यांच्याकडे मानसोपचाराचं बोर्ड प्रमाणपत्र नव्हतं, आणि न्यायालयाने त्यांना पक्षपाती ठरवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आता त्यांचं वजन करायचं.

पहिली गोष्ट एखाद्या वनस्पतीच्या गोळीबद्दल काहीच सांगत नाही. बॅरेट यांनी दिलेला संदर्भ बरोबर असेल तर तो प्रमाणपत्राशिवायही बरोबर आहे, आणि चूक असेल तर दहा प्रमाणपत्रांनी तो सुधारत नाही. दुसरी गोष्ट मात्र नीट वाचण्यासारखी आहे. त्यांच्याशी जोडलेल्या एका संस्थेने होमिओपॅथीची उत्पादनं विकणाऱ्या किंग बायो या कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला होता. जाहिराती खोट्या आहेत, असं म्हणणं होतं. पण त्या विशिष्ट उत्पादनांची चाचणी संस्थेने केलेली नव्हती. दावे खरे असल्याचं कंपनीनेच सिद्ध करावं, अशी तिची अपेक्षा होती. न्यायालयाने ते मानलं नाही. खोटेपणा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा लावणाऱ्यावर आहे, असं ठरलं, आणि २००३ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. बॅरेट यांची साक्ष एका बाजूला झुकलेली म्हणून खालच्या न्यायालयाने तिला फारसं वजन दिलं नाही. यातून मी काय घेते? तज्ज्ञ साक्षीदार म्हणून त्यांची बाजू ठरलेली आहे, हे लक्षात ठेवायचं. होमिओपॅथीचं शास्त्र खरं की खोटं, हा वाद मात्र त्या निकालाने मिटलेला नाही.

उलट बाजूनेही हेच. ब्रिटनमधले विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी कायरोप्रॅक्टिकवर, म्हणजे हातांनी मणका हलवून करायच्या उपचारावर, टीका करणारा लेख लिहिला, आणि तिथल्या कायरोप्रॅक्टिक संघटनेने २००८ मध्ये त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने महत्त्वाचा निर्णय दिल्यावर संघटनेने दावा मागे घेतला. पुष्कळ लोक याला कायरोप्रॅक्टिकचा पराभव समजतात. न्यायालयापुढे प्रश्न होता तो सिंग यांचं वाक्य म्हणजे मतप्रदर्शन आहे की वस्तुस्थितीचं विधान. मणक्याच्या उपचाराने कोणाला काय होतं, याचं उत्तर चाचण्यांतच शोधावं लागतं. म्हणून निकालाची बातमी वाचताना "न्यायालयापुढे प्रश्न काय होता?" हे आधी विचारा.

५. पैसा, स्पर्धा, जुनं वैर

अमेरिकेत करमुक्त संस्थांचं वार्षिक विवरण सगळ्यांना पाहता येतं, ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांची सार्वजनिक नोंदवही आहे. टीका करणारी संस्था असो की उपचाराची तरफदारी करणारी, दोघींची विवरणं काढा. पैसे कुठून येतात हे जी स्वतःहून सांगते तिला एक गुण, विचारूनही सांगत नाही तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.

पैशापेक्षा मोठा हितसंबंध कधी कधी धंद्यातल्या स्पर्धेचा असतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, म्हणजे ज्यांचं 'जामा' आहे त्यांनीच, १९६३ मध्ये भोंदू वैद्यकाविरुद्ध एक समिती नेमली. कायरोप्रॅक्टिक संपवणं हे तिचं मुख्य काम बनलं. डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत, असा दबाव होता. चेस्टर विल्क आणि इतर कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये दावा लावला, आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी हा बहिष्कार स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग असल्याचा निकाल दिला. त्याच निकालात, कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय आहे की नाही हे आपण ठरवत नाही, असंही स्पष्ट केलेलं आहे. हे प्रकरण मी मुद्दाम सांगते, कारण टीकाकारांच्या बाजूचे लोक ते टाळतात आणि विरोधक अर्धंच सांगतात.

माणूस कुठून आला तेही पाहण्यासारखं असतं. एडझार्ड अर्न्स्ट यांनी तरुणपणी म्युनिकच्या होमिओपॅथिक रुग्णालयात काम केलं होतं. १९९३ मध्ये एक्सेटर विद्यापीठात ते पूरक वैद्यकाचे प्राध्यापक झाले, आणि पुढची वर्षं या उपचारांच्या चाचण्या करण्यात घालवल्यावर त्यांतल्या बहुतेकांचे टीकाकार बनले. पुरावा पाहून मत बदलल्याची नोंद ज्याच्या नावावर आहे, त्याच्या टीकेला मी थोडं जास्त वजन देते. थोडंच, कारण मत बदललेला माणूसही नव्या मताला घट्ट चिकटू शकतो.

६. दोन कसोट्या, माझ्या नेहमीच्या

एखाद्या नव्या टीकाकाराला वाचताना मी आधी दोन गोष्टी शोधते. पहिली, सेंट जॉन्स वॉर्ट या वनस्पतीबद्दल तो काय लिहितो. उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण होते. नैराश्यावर या वनस्पतीचे अर्क नकली गोळीपेक्षा सरस ठरले, नेहमीच्या नैराश्याच्या औषधांच्या तोडीचे ठरले, आणि जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांचे निकाल जास्त अनुकूल होते, असंही आढाव्यातच नोंदवलेलं आहे. शिवाय गर्भनिरोधक गोळ्या, रक्ताच्या गुठळ्या रोखणारं वॉरफरिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन यांचा असर ही वनस्पती कमी करते. तेव्हा फायदा, शंका आणि धोका या तिन्ही गोष्टी ज्याच्या लेखात येतात, तो प्रामाणिक. "सगळ्या वनौषधी बकवास" म्हणणाऱ्याने आढावा वाचलेला नाही. आणि फक्त फायदा सांगणारा विक्रेता कुणाच्या तरी गर्भनिरोधक गोळ्या निकामी करून बसेल.

दुसरी कसोटी, हीच फूटपट्टी तो रुळलेल्या उपचारांना लावतो का. २००२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातावरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची एक चाचणी प्रसिद्ध झाली. १८० रुग्णांपैकी काहींना फक्त वरवरचे छेद दिले होते, आत काही केलं नव्हतं. दोन वर्षांनंतर खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना नकलीपेक्षा जास्त आराम पडलेला नव्हता. सुईचिकित्सेत नकली सुया वापरून तुलना हवी असा आग्रह धरणाऱ्याला अशा शस्त्रक्रियाही दिसायला हव्यात. जुन्या लेखांत "गुडघा", "शस्त्रक्रिया" असे शब्द शोधा, पाच मिनिटांत कळतं.

७. तारीख आणि दुरुस्त्या

लेख शेवटचा कधी सुधारला, चूक दाखवल्यावर ती कबूल केली की गुपचूप पुसली, हे पाहा. वेबॅक मशीनवर पानाच्या जुन्या प्रती मिळतात. वीस वर्षांपूर्वीची टीका आपोआप चुकीची होत नाही, पण त्यानंतरच्या चाचण्या तिच्यात नाहीत, हे वहीत लिहून ठेवा. संदर्भ दिलेला शोधनिबंध मागे घेतला गेलाय का, हे 'रिट्रॅक्शन वॉच'च्या यादीत सापडतं.

८. दुसऱ्याला सांगताना

घरातलं कोणी आधीच उपचार घेत असेल, तर त्याच्या हातात टीकात्मक लेख ठेवू नका. वहीतलं ते एक वाक्य, त्यामागचा आकडा, तो कशापैकी आहे ते, आणि त्या माणसाने आता नेमकं काय तपासायचं, एवढंच सांगा. चालू असलेलं कुठलंही औषध बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं, आणि डॉक्टरांना गोळ्यांची डबीच नेऊन दाखवायची, नुसतं नाव सांगायचं नाही.

मी मावशीकडे परत गेले ती दोन्ही अभ्यासांचे आकडे कागदावर लिहून. ७० पैकी १४. १९३ च्या अभ्यासात धातू सापडलेली, रसशास्त्रातल्यांपैकी ४०.६ टक्के, बाकीच्यांपैकी १७.१. म्हटलं, "मावशी, तुझ्या गोळ्या यातल्या कुठल्या, ते आपण डबीवर बघू." तिने चष्मा लावला, घटकांची बारीक अक्षरातली यादी बोट फिरवत वाचली, आणि तिसऱ्या ओळीवर थांबली. तिथे भस्माचं नाव होतं. डबी पिशवीत घालून ती दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेली आणि रक्तातलं शिसं तपासून द्या म्हणाली.